आतली तार

काकूंचा निळा ड्रेस मीटरकाकांनी कपाटातून काढला. धुतलेला, इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावून चौघडी घातलेला. तो त्यांनी तसाच नेऊन बाथरूममधल्या बादलीत बुडवला.

"नीट भिजू द्या," बाहेरच्या खोलीतून काकूंचा आवाज आला. "नुसता बुचकळून काढू नका."

"भिजतोय."

"काखेतली शिवण भिजली का बघा. ती सगळ्यात शेवटी वाळते. बायका तिथेच हात लावून बघतात."

काकांनी काखेतली शिवण बोटांनी चेपली. भिजली होती. "पिळू का?" त्यांनी विचारलं.

"कशाला? मळलाय कुठे? तुमच्या हाताने पिळलात तर शिवण उसवेल. निथळू द्या आणि घेऊन जा खाली."

काकांनी ड्रेस निथळला, बादलीत तळाशी चार चादरी होत्या त्यांच्यावर पसरला, त्याच्यावर दोन टॉवेल टाकले, आणि बादली उचलली. बत्तीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचून निवृत्त झाल्यावर आपण धुतलेले कपडे पुन्हा भिजवत बसू, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण चार महिने हेच चाललं होतं. सोमवारी निळा, मंगळवारी फुलांचा, बुधवारी तो करड्या कॉलरचा. एकच ड्रेस लागोपाठ दोन दिवस तारेवर जाऊ नये म्हणून काकांनी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या. कामात ते पहिल्यापासूनच चोख.

चार महिन्यांपूर्वी काकूंची डावी बाजू गेली. जीभ महिन्याभरात सुटली, पाय मात्र सुटला नाही. त्या दवाखान्यातून घरी आल्या ते लोखंडी पलंगावर. पलंग बाहेरच्या खोलीत लावला, कारण बाथरूम तिथून जवळ. पण बाथरूम जवळ असून उपयोग काय, तिथवर जायची सूचनाच शरीर देईनासं झालं होतं. मोठ्या माणसांचे डायपर आणून पाहिले. दोन दिवसांत मांड्या सोलवटल्या, तेव्हा तेही बंद झालं. राहिल्या चादरी. दिवसाला तीन, एखाद्या दिवशी चार.

पहिल्यांदा अंथरूण ओलं झालं त्या दिवशी काकूंनी चालत्या हाताने काकांचं मनगट धरलं होतं. बोलणं तेव्हा सगळं तोतरं होतं, पण एक वाक्य त्या स्पष्ट बोलल्या. "कुणाला कळता कामा नये."

काकांनी मान डोलावली. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि बायकोने मनगट धरून काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी शब्द दिला आणि तो पाळायचा कसा याचा विचार नंतर करायचं ठरवलं. विचार मग काकूंनीच केला. चादरी दोन दिवस घरात दोऱ्या बांधून वाळवून पाहिल्या. त्या वाळेनात, आणि घराला वास यायला लागला. तेव्हा काकूंनी पडल्या पडल्या सगळी योजना आखली. चादरी आतल्या तारेवर, दुहेरी घालायच्या, म्हणजे चाराच्या दोन दिसतील. बाहेरच्या तारेवर त्यांच्यापुढे टॉवेल आणि टेबलावरची मोठी कापडं. आणि सगळ्यात पुढे, उन्हात, काकूंचा रोज एक ड्रेस. झोपून असलेली बाई ड्रेस घालत नाही. ड्रेस घातला म्हणजे उठली, न्हाली, आवरलं, घरात वावरली. जो तार बघेल त्याला एवढं कळलं म्हणजे पुरे.

आता तार कोण बघतो, असं काकांना वाटे. त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. तीन मजली इमारत, मागे फरशीचं अंगण, त्यात सहा लोखंडी खांब आणि खांबाखांबांतून ओढलेल्या तारा. घरटी दोन. बाहेरच्या तारेला दिवसभर ऊन, आतल्या, भिंतीलगतच्या तारेला नावापुरतं. काका चाळीस वर्षं या अंगणातून सायकल काढत होते आणि तारेवर काय आहे हे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. एखादं ओलं पायजम्याचं टोक तोंडावर आपटलं तर तेवढं बाजूला सारत. मीटरवाल्याने मीटर बघायचा, घर बघायचं नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. लोकांच्या स्वयंपाकघरांत, जिन्यांखाली, कुणी भांडत असताना, कुणी रडत असताना त्यांनी आकडे टिपले आणि ते बाहेर पडले. त्या नियमाचा त्यांना अभिमान होता. फक्त तो नियम ते घरीही आणत, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आपण बघत नाही म्हणजे कुणीच बघत नाही, अशी त्यांची समजूत होती.

काकूंची तशी समजूत असणं शक्य नव्हतं, कारण तार वाचण्यात त्यांचा हातखंडा होता. जेवताना त्या बातम्या द्यायच्या. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा घर सोडून गेलाय, आठ दिवसांत तारेवर त्याचा एक मोजा नाही. तळमजल्यावरच्यांकडे बाळ येणार, जुने अंगडे धुऊन काढलेत. काका "हं" म्हणायचे आणि जेवायचे. एकदा, पाच-सहा वर्षांपूर्वी, काकूंनी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या चादरी मोजल्या. वाईट हेतूने नाही, सहजच. आणि सहजच ते जिन्यात कुणाजवळ तरी बोलल्या. आठवड्यात गोष्ट सगळ्या इमारतीची झाली. शेजारणी आजींना भेटायला जात आणि उंबऱ्यातूनच परत फिरत. मग आजींच्या सुनेने चादरी गच्चीवर न्यायला सुरुवात केली, आणि पुढे काही दिवसांनी आजींनाच एका वृद्धाश्रमात नेलं. आजी खाली उतरताना त्यांनी जिन्यात कुणाकडेच पाहिलं नव्हतं. हे सगळं काकूंनी काकांना या चार महिन्यांत सांगितलं, तेही एकदाच आणि भिंतीकडे तोंड करून.

अंगणात शिवणवाली वहिनी आधीच आलेली होती. ही पहिल्या मजल्यावर राहायची, घरी शिलाई मशीन चालवायची. नवरा बस चालवायचा. इमारतीत निम्म्या लोकांच्या अंगावर हिच्या हातचं काहीतरी असायचं. काकूंचे ड्रेसही तिनेच शिवलेले. पूर्वी ती काकूंकडे दुपारची येऊन बसायची, आणि दोघी मिळून इमारतीची धुणी काढायच्या, कपड्यांची आणि माणसांचीही.

काकांनी बादली भिंतीलगत ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून चादरी आतल्या तारेवर टाकल्या.

"काका, चादरी आमच्या बाहेरच्या तारेवर घाला की," शिवणवाली म्हणाली. "माझे आज चारच कपडे आहेत. ऊन चांगलं आहे."

"नको नको. सावलीत बरं. उन्हाने रंग उडतो."

शिवणवालीने चादरींकडे पाहिलं. चारही पांढऱ्या होत्या. "तेही खरंच," ती म्हणाली आणि नवऱ्याची पँट झटकायला लागली.

काकांना आपली चूक उमगायला दोन टॉवेल घालेपर्यंतचा वेळ लागला. तोवर बोलणं पुढे गेलं होतं.

"काकू कशा आहेत?"

"उत्तम. काल घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या."

"अरे वा. आणि ड्रेस बसतात का त्यांना अजून? आजारपणात माणूस उतरतं. ढगळ होत असतील तर द्या, बाजूने दाबून देते."

"छे, अगदी मापात बसतात," काका म्हणाले आणि निळा ड्रेस बाहेरच्या तारेवर चिमट्यात अडकवू लागले. शिवणवाली ड्रेसकडे बघत होती. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग नजर काढून घेतली.

"मी येऊन जाईन म्हणत होते एकदा वर."

"डॉक्टरांनी गर्दी नको म्हटलंय."

"मी एकटी म्हणजे गर्दी होय, काका?"

ती हसून म्हणाली होती. चार महिने डॉक्टर बिचारे गर्दी नको एवढंच म्हणत होते. काकांनी रिकामी बादली उचलली आणि जिन्याची वाट धरली.

वर काकू वाटच बघत होत्या. खालून आल्यावर रोज त्यांना सगळा अहवाल द्यावा लागे, आणि त्या उलटतपासणी घेत.

"कोण होतं?"

"शिवणवाली."

"कुठे बघत होती?"

"कुठे म्हणजे? कपडे झटकत होती."

"कपडे झटकताना बायका बघत नाहीत असं वाटतं तुम्हाला? काय म्हणाली?"

काकांनी पांढऱ्या चादरींचा भाग गाळून बाकीचं सांगितलं. ड्रेस मापात बसतो हे ऐकल्यावर काकूंनी डोळे मिटून घेतले.

"चार महिने आजारी असलेल्या बाईला जुना ड्रेस मापात बसतो?"

"मग काय म्हणायचं?"

"जरा सैल होतो म्हणायचं."

"उद्या म्हणतो."

"आता उद्या आपणहून सांगायला जाल तर जास्त संशय येईल. गप्प बसा." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ही चादर ओलसर आहे का हो?"

काकांनी हात लावून पाहिलं. कालच्याच वाळलेल्यांतली होती, पण वाळलेली म्हणजे आतल्या तारेवर जेवढी वाळेल तेवढी. तिला कुबट वास येत होता. गेल्या पंधरा दिवसांत काकूंच्या पाठीवर लाल चट्टे उठले होते. डॉक्टर म्हणाले होते, अंथरूण अगदी कोरडं हवं, उन्हात वाळवलेलं. काकांनी ते काकूंना दोनदा सांगून पाहिलं.

"बाहेरच्या तारेवर घालतो ना एक दिवस. कोण बघतंय."

"मी बघत होते," काकू म्हणाल्या. यापुढे बोलणं गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका चट्ट्यांचं मलम आणायला निघाले. जाताना दाराला बाहेरून कडी घातली. औषधाच्या दुकानात त्यांच्यापुढे सहा माणसं होती. चौथ्या माणसाची चिठ्ठी कुणाला वाचता येईना म्हणून रांग थांबली, आणि तेवढ्यात बाहेर अंधारून आलं. ध्यानीमनी नसताना आलेला पाऊस होता तो, टपोऱ्या थेंबांचा, वाऱ्याबरोबर तिरपा येणारा. काका दुकानाच्या पायरीवर आले, परत आत गेले, परत पायरीवर आले. मग मलम न घेताच पळत सुटले. साठी उलटलेल्या माणसाने पळावं तसे, म्हणजे चालण्यापेक्षा जरा जास्त वेगाने आणि चालण्यापेक्षा पुष्कळ जास्त कष्टाने.

अंगणात आले तर तारा मोकळ्या. सगळ्यांच्याच मोकळ्या होत्या, म्हणजे बायकांनी आपापले कपडे काढून नेले होते. पण काकांच्याही दोन्ही तारांवर काही नव्हतं. बाहेरच्या नाही आणि आतल्याही नाही. जिना चढताना त्यांना आशा होती ती एवढीच की कपडे चोरीला गेले असावेत.

कपडे त्यांच्या दारासमोर होते. वेताच्या टोपलीत, घड्या घालून. वर टॉवेल, त्यांच्याखाली काकांचे शर्ट, मग करड्या कॉलरचा ड्रेस, आणि सगळ्यात तळाशी चादरी. काकांनी एक चादर उचलून पाहिली. कितीही घासलं तरी त्या चादरींच्या मधोमध पिवळट गोल राहायचे. आताच्या घडीत ते दिसत नव्हते. चारही चादरी अशा दुमडल्या होत्या की डाग आत गेले होते आणि वर नुसता पांढरा चौकोन राहिला होता. अशी घडी आपोआप पडत नाही, एवढं काकांनाही कळलं. कुणीतरी डाग पाहून, विचार करून, ती घातली होती. काका जिन्यात उभे राहिले. अंगावरून पाणी गळत होतं. त्यांना लाज वाटली, आणि कुणीतरी आपल्याशी फार चांगलं वागलंय असंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे काय करावं ते सुचेना. शेवटी त्यांनी काकूंना काही सांगायचं नाही असं ठरवलं आणि कडी काढली.

"कपडे भिजले ना?" काकूंनी विचारलं.

"नाही. वेळेवर पोचलो. काढले मी."

"तुम्ही नखशिखांत भिजलात आणि कपडे कोरडे?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं जेमतेम एक वाक्य टिकतं, तेवढं टिकलं होतं.

"टोपली कुणाची ती?"

"शिवणवालीची असेल."

"इकडे आणा."

त्यांनी टोपली पलंगाशी ठेवली. काकूंनी उजव्या हाताने वरचे टॉवेल बाजूला केले, शर्ट बाजूला केले, आणि ड्रेस ओढून आपल्या पोटावर घेतला. त्याची घडी मोडून तो पसरायला त्यांनी काकांना सांगितलं. मग बराच वेळ त्या ड्रेसकडे बघत राहिल्या. पडल्यापासून तारेवरून उतरलेला ड्रेस त्यांनी हातात घेतला नव्हता. काका तो परस्पर कपाटात ठेवत.

"ही रेघ दिसते का?" त्यांनी विचारलं.

ड्रेसच्या मधून एक आडवी आणि एक उभी रेघ गेली होती. बोटाने चाचपली तरी लागेल अशी. "दिसते," काका म्हणाले.

"कपाटातल्या घडीची आहे. चार महिने त्याच जागी मोडलेली. अंगावर घालून, घासून, पिळून धुतलेल्या कपड्याला घडीची रेघ राहते का कधी?"

काकांनी ती रेघ तळहाताने सपाट करून पाहिली.

"आणि ही बटणं. चौदा बटणं आहेत. सगळी लावलेली, गळ्यापर्यंत. तुम्ही ड्रेस भिजवताना ती काढत होता का?"

"तू काही बोलली नाहीस."

"नाही बोलले. मला इथून काय दिसतंय? मी आपली काखेतली शिवण सांभाळत बसले, पलंगावरून शेळ्या हाकत." त्यांनी बटणांवरून बोट फिरवलं. "अंगातून काढलेला ड्रेस बटणं लावलेला कसा असेल? आणि काढल्यावर तुम्ही परत लावलीत म्हणावं तर तुमच्या शर्टाचं एक बटण कधी लावलेलं नसतं तारेवर. शिवणवालीने शिवलेत हे ड्रेस. तिने पहिल्याच दिवशी ओळखलं असणार की हा कपडा घातलेलाच नाही. आणि कोरडा कपडा भिजवून वाळत घालतात म्हटल्यावर ती आतल्या तारेकडे बघणार नाही?"

"तिलाच तेवढं कळलं असेल. बाकीच्यांना कशाला..."

"बाकीच्यांना डोळे नाहीत का? ते फक्त तुम्हाला नाहीत. चार महिने हातात घेऊन वाळत घालत होता, ही रेघ दिसली नाही तुम्हाला?"

"मी बघितलं नाही," काका म्हणाले. ते खरं होतं, आणि त्या क्षणी त्यांना तो आपला नियम अजिबात अभिमानाचा वाटला नाही.

काकूंनी चादरींची घडी पाहिली. हात लावला नाही, नुसती पाहिली. डाग कुठे गेलेत हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"म्हणजे चार महिने सगळ्यांना ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"असेल."

"आणि कुणी काही बोललं नाही."

"नाही. कुणीच नाही."

"मी बोलले होते," काकू म्हणाल्या. "त्या आजींचं." काकांनी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, पण काकूंनी हात वर केला. "आणि चार महिने मी माणसाचं तोंड पाहिलं नाही. ती रोज विचारत होती, मी रोज नको म्हणत होते. कशासाठी? जे सगळ्या अंगणाला ठाऊक आहे ते झाकायला."

तूच म्हणाली होतीस, हे काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. खरं तर त्यांना हलकं वाटत होतं. उद्यापासून कॅलेंडर बघायला नको, खोटी बादली भरायला नको. आणि बायको अशी पडलेली असताना आपल्याला हलकं वाटतंय याचं त्यांना वाईट वाटत होतं. त्यांनी ओले कपडे बदलले, पावसातून परत जाऊन मलम आणलं, तिच्या पाठीला लावलं. काकू त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. दोन घास घे म्हटलं तर म्हणाल्या, "नाही जात." काकांनीही मग पानावर नुसतं बसल्यासारखं केलं.

सकाळी त्यांनी सवयीने कपाट उघडलं. "आज निळा आहे," ते म्हणाले.

"काही नको आज. ठेवा तो."

"बरं."

"पलंग आतल्या खोलीत न्यायचा. खिडकीपाशी."

आतल्या खोलीची खिडकी अंगणावर उघडायची. काकांनी पलंगाकडे पाहिलं, मग दाराकडे. "मला एकट्याला नाही जमायचं गं."

"एकट्याने कुणी सांगितलंय? तिला हाक मारा. तिच्या नवऱ्यालाही आणा, आज त्याची दुपारची पाळी आहे."

"तुला काय माहीत?"

"सकाळी जिन्यात खोकला ऐकला त्याचा. जा, विचार बदलायच्या आत जा."

काका पायात चपलाही न घालता खाली गेले. शिवणवालीने दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. काका म्हणाले, "ही बोलावतेय." तिने टाचण्या काढून गाऊनच्या गळ्याला टोचल्या, मशीनवरचं कापड तसंच टाकलं आणि नवऱ्याला हाक मारली. बाकी तिने काही विचारलं नाही.

दारात आल्यावर ती क्षणभर थांबली. काकूंनी सकाळीच केस विंचरून घेतले होते, काकांकडून, त्यामुळे भांग वाकडा पडला होता.

"ये," काकू म्हणाल्या.

"बारीक झालात, काकू."

"हे म्हणतात ड्रेस मापात बसतो."

शिवणवाली हसली. काकूही हसल्या, अर्ध्याच चेहऱ्याने, कारण दुसरा अर्धा हसत नव्हता. बसवाल्याने तेवढ्यात दाराची रुंदी वितीने मोजली, पलंगाची मोजली, आणि पाय काढल्याशिवाय जाणार नाही असा निकाल दिला. नट पिळायला पान्हा काकांकडे होता. काकूंना आधी खुर्चीत बसवायचं ठरलं. शिवणवालीने त्यांच्या काखांखाली हात घातले, काकांनी पाय धरले, आणि त्यांना उचललं.

चादर ओली होती. मधोमध, ताटाएवढी. चौघांनाही ती एकदमच दिसली. बसवाला लगेच खाली वाकला आणि पलंगाच्या पायाचा नट बघायला लागला, आणि बराच वेळ बघत राहिला. काकूंनी चालत्या हाताने गाऊन गुडघ्यांवर ओढून घेतला. गाऊनही ओला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि काकांना वाटलं की आता संपलं, आता या पुन्हा कधी दार उघडू देणार नाहीत.

शिवणवालीने चादर चारही बाजूंनी सोडवली, ओला भाग आत घेऊन गोळा केली आणि काखेला मारली. "मी नेते, काका," ती म्हणाली. "माझं भिजवलेलं आहेच घरी, त्यातच घालते."

"ठेव ती," काकू म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले होते.

"अहो काकू, मला काय त्याचं..."

"ठेव. हे धुतात. रोज हेच धुतात." त्या थोडं थांबल्या. लांब वाक्य बोलताना अजून त्यांना जीभ गोळा करावी लागे. "चांगली धुतात. तू यांच्याकडे दे आणि माझ्यापाशी बस."

काकांनी पुढे होऊन चादर घेतली. चाळीस वर्षांत त्यांच्याबद्दल असं काही घरात बोललं गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं, निदान परक्या माणसासमोर तरी नाही. त्यांनी बसवाल्याला पान्हा दिला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. चादर बादलीत टाकली. पाण्याच्या आवाजात बाहेरच्या खोलीतलं काही ऐकू येत नव्हतं. काकांनी जरा वेळ वाट पाहिली आणि नळ बारीक केला.

बाहेर काकू रडत होत्या. मोठ्याने, हुंदके देऊन, जशा त्या चार महिन्यांत काकांसमोर एकदाही रडल्या नव्हत्या.

काकांनी नळ पुन्हा पूर्ण सोडला आणि चादर चोळायला घेतली.